कार्बनच्या कवचाला स्फोटक दोरी थेट का लावत नाहीत?

प्रश्न रत्नागिरीतल्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आहे. रॉकेटच्या टोकावरचं, उपग्रहाला झाकणारं उष्णताकवच धातूचं असेल तर ते स्फोटक दोरीच्या जोरावर उकलतात, हे तिनं वाचलंय. आता कवचं कार्बन फायबरची होऊ लागली आहेत. मग तीच दोरी कार्बनवर चिकटवून ते कापता येणार नाही का? कापलं तर नेमकं काय बिघडतं? आणि यावर कॉलेजात प्रकल्प होऊ शकेल का? तिच्या वडिलांची मिरकरवाड्याला फायबरची होडी आहे, त्यामुळे मॅट, रेझिन, हार्डनर हे शब्द तिच्या घरातलेच. मी नोकरीची बहुतेक वर्षं पायरो, म्हणजे स्फोटकानं उकलणाऱ्या, जोडांच्या चाचण्यांत घालवली, आता गुहागरला असतो. उत्तर जरा लांबेल.

कापता येतं, हे आधी सांगून टाकतो. स्फोटकाची जी पट्टी कापायला वापरतात, तिचा छेद व्ही अक्षरासारखा असतो आणि वरून शिसं, तांबं किंवा ॲल्युमिनियमचं आवरण असतं. स्फोट झाला की व्हीच्या पोटातलं आवरण पातळ, अतिवेगवान पात्यासारखं पुढे फेकलं जातं. कार्बनचे तंतू त्यापुढे टिकत नाहीत. अडचण कापण्यात नाही. कापल्यानंतर दोन्ही बाजूंना जो काठ उरतो, त्याची अवस्था काय असेल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. या क्षेत्रात खात्रीनं सांगता येत नसेल, तर ती गोष्ट उपयोगाची नाही.

ॲल्युमिनियममध्ये हे पातं पत्र्याच्या पूर्ण जाडीतून आरपार जावंच लागतं असं नाही. ते काही खोलीपर्यंत जातं, उरलेली जाडी धक्क्यानं तडकते. धातू सगळ्या दिशांना जवळपास सारखाच, म्हणून ती तडक सरळ खाली उतरते आणि काठ बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो. लॅमिनेटमध्ये, म्हणजे तंतूंचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या पत्र्यात, ही सोय नाही. थरांमध्ये तंतू आहेत, पण एका थराला दुसऱ्याशी धरून ठेवणारं फक्त रेझिन आहे. तंतूंच्या दिशेनं चांगल्या कार्बन-इपॉक्सीची (इपॉक्सी हा रेझिनचाच एक प्रकार) ताणशक्ती २००० मेगापास्कलच्या वर जाते. जाडीच्या दिशेनं तीच ५० मेगापास्कलच्या आसपास येते, म्हणजे चाळिसाव्या भागावर. वरून स्फोटाचा दाब आला की दाबाची लहर जाडीतून खाली जाते. खालचा पृष्ठभाग मोकळा असतो, तिथून ती परत फिरते आणि फिरताना दाबाची लहर ताणाची होते. तो ताण थरांना एकमेकांपासून ओढतो, तोही नेमका त्यांच्या सगळ्यात दुबळ्या दिशेनं. पातं खाली पोचायच्या आत खालचे थर पापुद्र्यासारखे सुटू लागलेले असतात. सुटलेला थर पात्यासमोर ताठ उभा राहत नाही, वाकतो, आणि मग त्यातले काही तंतू न कापता राहतात.

न कापलेले तंतू किती महाग पडतात, त्याचा हिशेब तू स्वतः करून बघ. बारा हजार तंतूंच्या एका पेडाचा छेद साधारण ०.४४ चौरस मिलिमीटर भरतो. तंतूंची ताणशक्ती ४९०० मेगापास्कल धरली तर आदर्श स्थितीत तो एकटा पेड २.२ किलोन्यूटन, म्हणजे दोनशे किलोहून जास्त भार पेलतो. प्रत्यक्षात निम्मा पेलला तरी कवचाची दोन अर्धुकं एका टोकाला अडकून तिरकी फिरायला तेवढा पुरेल. आतल्या उपग्रहाला चिकटून कवच फिरलं तर मोहीम तिथंच संपते.

लहरींच्या वेगाचं गणितही करायला हवं. वेग म्हणजे ताठरपणा भागिले घनता, त्याचं वर्गमूळ. सगळे तंतू एकाच दिशेला असलेल्या कार्बन-इपॉक्सीला १४० गिगापास्कल आणि १६०० किलो प्रति घनमीटर धरलं तर तंतूंच्या दिशेनं सेकंदाला सुमारे ९.३ किलोमीटर येतात. जाडीच्या दिशेनं जेमतेम ३ किलोमीटर. स्फोटक दोरीत स्फोट स्वतः साधारण ६ ते ८ किलोमीटर वेगानं पुढे सरकतो. याचा अर्थ, दोरीच्या दिशेनं तंतू जास्त असतील तर स्फोटाच्या पुढे लॅमिनेटमधून लहर धावत असते. अजून कापायच्या जागी काप पोचण्याआधी ताण पोचलेला असतो. ॲल्युमिनियमवर बसवलेले ठोकताळे कार्बनवर चालत नाहीत, त्यामागचं मोठं कारण हे.

आता तू म्हणशील, कवच टाकूनच द्यायचंय, काठ फाटला तर फाटू दे. हा आक्षेप मी अनेक हुशार लोकांकडून ऐकलाय. पण कवचाखालची जी कडी रॉकेटवर राहते, तिला पुढच्या टप्प्याचे भार सोसायचे असतात, ती फाटून चालत नाही. दुसरं म्हणजे कचरा. कार्बनची धूळ वीज वाहते. ती उपग्रहाच्या जोडण्यांत, सौरपत्र्यांवर किंवा दुर्बिणीच्या आरशावर बसली तर पुसायला तिथं कोणी नाही. म्हणून उपग्रहाचे मालक पहिली अट घालतात ती धूर, काजळी आणि तुकडे आत न येण्याची. उघड्या स्फोटानं कार्बन कापून ही अट पाळता येत नाही.

थेट कापणं जिथं योग्य, तिथं ते करतातच. रॉकेट मार्ग सोडून वस्तीकडे वळलं तर ते हवेतच मोडायची यंत्रणा असते. तिथं मोटरचं कवच कार्बनचं असलं तरी त्यावर कापणारी पट्टी थेट बसवता येते, कारण मागे उरलेल्या काठाशी कुणाचं काही देणंघेणं नसतं. वैमानिकाला बाहेर पडता यावं म्हणून लढाऊ विमानाचं पारदर्शक छत फोडतात, तिथंही असंच. तेजसच्या छतासाठी पुण्यातल्या एआरडीई आणि एचईएमआरएल या डीआरडीओच्या संस्थांनी केलेलं काम महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी जरूर माहीत करून घ्यावं. मात्र ते छत ॲक्रिलिकचं, म्हणजे ठिसूळ, आणि खाली वैमानिकाचं डोकं. प्रश्न पूर्ण वेगळा.

मग कार्बनच्या कवचांचं करतात काय? उकलायच्या रेषेवर कार्बन ठेवतच नाहीत. कवचाच्या दोन्ही अर्धुकांच्या काठांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून आणि बोल्ट करून बसवतात, आणि स्फोटकाचं काम त्या दोन पट्ट्यांपुरतं ठेवतात. एका प्रकारात दोन पट्ट्या मिळून एकच धातूचा भाग असतो, मध्ये मुद्दाम खाच ठेवून पातळ केलेला. त्याच्या पोटात स्टेनलेस स्टीलची चपटी नळी, नळीत रबरासारखा आधार आणि त्यात बारीक स्फोटक दोरी. दोरी पेटली की चपटी नळी गोल व्हायला बघते, खाचेवरचं ॲल्युमिनियम तोडते, पण स्वतः फुटत नाही. धूर नळीतच राहतो. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटमध्ये दुसरा प्रकार आहे. कवचाच्या पूर्ण लांबीभर सिलिंडर-पिस्टनची जोडी, मध्ये रबरी पिशवी. दोरीच्या वायूनं पिशवी फुगते, पिस्टन सिलिंडरमधून बाहेर ढकलला जातो आणि अर्धुकं बाजूला फेकली जातात. वेगळं करणं आणि दूर ढकलणं ही दोन्ही कामं एकाच यंत्रणेत. मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो, कारण यात दोरीची ऊर्जा नुसता धक्का म्हणून वाया न जाता गती द्यायला वापरली जाते.

कवच खाली रॉकेटला जिथं बसतं, त्या आडव्या जोडाला पुष्कळदा आवळलेला पट्टा आणि स्फोटक बोल्ट वापरतात. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. पायरोच हवं असा माझा हट्टही नाही. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचं कवच कार्बनचं आहे आणि ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेनं उघडतं. तेच कवच जमिनीवर पुन्हा पुन्हा उघडून तपासता येतं, हा त्याचा मोठा फायदा. पायरो एकदाच चालतं. जे उडणार आहे, ते कधीच तपासलेलं नसतं. तपासलेली असतात ती त्याची भावंडं.

आणि म्हणूनच धातूची पट्टी घातली की प्रश्न सुटला, असं समजू नकोस. ३१ ऑगस्ट २०१७ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३९ रॉकेटचं कवच सुटलंच नाही. आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह कवचाच्या आतच अडकून राहिला. रॉकेटचे सगळे टप्पे ठीक चालले होते, पण न सुटलेल्या कवचाचं वजन वाहत ते कमी पडलं आणि ठरलेल्या कक्षेपर्यंत पोचलंच नाही. नासाचे ओसीओ (फेब्रुवारी २००९) आणि ग्लोरी (मार्च २०११) हे दोन उपग्रहही टॉरस एक्सएल रॉकेटचं कवच न सुटल्यामुळे गेले. मिळून सुमारे ७० कोटी डॉलरचं नुकसान. त्या चौकशीचा निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाला: खाचेच्या जोडातल्या ॲल्युमिनियमची चाचणी-प्रमाणपत्रं पुरवठादारानं वर्षानुवर्षं खोटी दिली होती, आणि तो भाग हवा तसा तुटला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. आपण कार्बनला वाचवण्यासाठी सगळा भार एका धातूच्या पातळ खाचेवर टाकतो. मग त्या धातूच्या प्रत्येक बॅचचा तुकडा आपण स्वतः ओढून, तोडून पाहिला पाहिजे, कागदावर विसंबून चालणार नाही. नासाच्या लँग्ली केंद्रातले लॉरेन्स बेमेंट आयुष्यभर एकाच गोष्टीवर जोर देत राहिले: यंत्रणा चालली का, एवढं बघू नका, तोडायला किती ऊर्जा लागते आणि दोरी किती देते, या दोन्ही मोजा आणि त्यांतलं अंतर सांगा. तुझ्या अहवालात ही कल्पना नक्की यायला हवी.

आता कार्बन आणि ॲल्युमिनियम जिथं भेटतात ती जागा. माझी बरीच वर्षं तिथंच गेली.

पहिलं भांडण तापमानाचं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रोमीटर वाढतं, सगळ्या दिशांना थर दिलेलं कार्बन दोन-तीनच. चार मीटरच्या पट्टीवर ६० अंशांचा फरक पडला तर दोघांच्या लांबीत पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास तफावत येते. ती कुठं तरी जायला हवी. चिकट थर फार ताठ असेल तर टोकांपासून सुटायला लागतो. फार मऊ असेल तर पट्टीची नळीवरची पकड ढिली पडते, आणि खाच तुटण्याऐवजी पट्टी नुसती वाकते.

दुसरं भांडण खाऱ्या हवेचं, आणि ते कोकणातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या खिडकीला स्टीलचे स्क्रू मारले की काही पावसाळ्यांत स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. कार्बनही तसंच वागतं, किंबहुना जास्त वाईट. कार्बन-ॲल्युमिनियमच्या जोडीत खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रॉकेटं उडतात ती श्रीहरिकोट्याहून, म्हणजे समुद्रालगत. म्हणून दोघांच्या मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घालतात, बोल्ट टायटॅनियमचे घेतात आणि भोकांच्या कडा रेझिननं बुजवतात. हा काचेचा थर नकाशावर क्षुल्लक दिसतो. वजन वाचवताना कुणीतरी तो काढायला निघतो. काढू देऊ नये.

तिसरं पुन्हा लहरींचं. घनता गुणिले लहरीचा वेग घेतला तर ॲल्युमिनियमला सुमारे १७ आणि कार्बनला जाडीच्या दिशेनं ५ च्या आसपास येतात, एकक तेच ठेवून. धातूतून आलेल्या लहरीचा साधारण ४५ टक्के ताण कार्बनमध्ये उतरतो, उरलेला चिन्ह पालटून मागे फिरतो. म्हणजे कार्बनला थोडं संरक्षण मिळतं, हे खरं. पण लहरींचं हे सगळं उलटसुलट होतं ते चिकट थरावर. चाचणीनंतर लॅमिनेट ठणठणीत आणि चिकट थर मात्र सुटलेला, असं म्हणूनच दिसू शकतं. पट्टीच्या आतल्या बाजूला हनीकोंब कोअर, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा, असेल तर तोही बघावा लागतो. वरचा पातळ थर कोअरपासून सुटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कार्बनचं कवच भट्टीतून बाहेर आल्यावर त्याचा आकार साच्यापेक्षा किंचित मिटलेला असतो, कारण रेझिन आकसतं आणि थर वेगवेगळे आकसतात. जोडणी करताना आपण ते ताणून जुळवतो. म्हणजे जोड बंद असतानाच त्यात ताण साठलेला असतो. रेषा उकलली की अर्धुकं आपल्या मूळ आकाराकडे झेप घेतात आणि आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी थरथरतात. उपग्रह आणि कवच यांच्यातलं अंतर काही सेंटिमीटरचं असेल, तर ही थरथर मोजलेली हवी. जमिनीवरच्या चाचणीत भोवतालची हवा ती दाबून टाकते, म्हणून मोठी कवचं निर्वात कक्षात उघडून बघतात. अमेरिकेत ओहायो राज्यात सँडस्कीजवळ नासाचा सुमारे ३० मीटर व्यासाचा आणि ३७ मीटर उंचीचा कक्ष आहे. तिथं अशा चाचण्या झाल्या आहेत.

आता तुझा प्रकल्प. स्फोटकाला हात लावायचा नाही. फटाक्याची दारू, खाणीतला डिटोनेटर, कुणाच्या ओळखीनं मिळालेली दोरी, काहीही नाही. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत, परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेला असा परवाना नसतो. पण कायद्याच्याही आधी मला तुझ्या बोटांची आणि डोळ्यांची काळजी आहे. चिरेखाणीत सुरुंग उडवणारी माणसं ओळखीची असली तरी त्यांच्याकडेही जाऊ नकोस.

आणि खरं तर स्फोटकाची गरजच नाही. तुझा प्रश्न धक्क्यानंतर जोडाचं काय होतं, हा आहे. धक्का हातोड्यानंही देता येतो. साधारण अर्धा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची जाड पट्टी घे, तिला कार्बनचं किंवा परवडत नसेल तर काच-इपॉक्सीचं लॅमिनेट चिकटव, आणि पट्टीच्या टोकावर लोलकाच्या हातोड्यानं धातूवर धातू असा आघात दे. पायरोच्या दूरच्या क्षेत्रात, म्हणजे १००० जी (गुरुत्वत्वरणाच्या हजारपट) च्या आत आणि १० किलोहर्ट्झच्या खाली, साधारण असाच धक्का असतो. स्फोटाच्या अगदी जवळचं क्षेत्र, जिथं ५००० जी च्या वर जातं, ते तुला मिळणार नाही. अहवालात तसं सरळ लिही. परीक्षक समजूतदार असेल तर त्याला ते आवडेल.

धक्का मोजायचा त्वरणमापी निवडताना सावध राहा. साधे पिझोइलेक्ट्रिक मापी जोरदार धक्क्यानंतर शून्यावर परत येत नाहीत. आलेख बघून हे कळत नाही. त्वरणाचं एकदा संकलन करून वेग काढ. पट्टी शेवटी जागेवरच आहे, म्हणजे वेगही शून्यावर यायला हवा. तो एका बाजूला वाहत गेला तर ती नोंद फेकून दे, कितीही सुंदर दिसली तरी. त्यानंतरच शॉक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे वेगवेगळ्या कंपनसंख्यांना हा धक्का किती जोरानं हलवेल त्याचा आलेख, काढ, नेहमीप्रमाणे क्यू (कंपन किती कमी दबतं त्याचा आकडा) दहा धरून.

नमुने आघाताआधी आणि नंतर दोन्ही वेळा तपास. अल्ट्रासोनिक स्कॅन मिळाला तर उत्तम, पुण्यात किंवा कोल्हापुरात सोय शोध. नाही मिळाला तर नाण्यानं ठोकून आवाज ऐक. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या दुरुस्त करणारे कारागीर तळ ठोकून सुटलेली मॅट ओळखतात, त्यांच्याकडून कान तयार करून घे. मग नमुन्यांचे छोटे तुकडे कापून शॉर्ट बीम शिअर चाचणी कर. थरांमधली पकड किती उतरली, हे त्यात आकड्यांत येतं. यासाठी लागणारं यंत्र बहुतेक सगळ्या कॉलेजांत असतं.

आणि ज्या गोष्टीत रत्नागिरीचा तुला फायदा आहे ती सोडू नकोस. इपॉक्सी पाणी पितं. जुलै-ऑगस्टच्या आपल्या हवेत उघडं ठेवलेलं लॅमिनेट हळूहळू ओलं होत जातं. पूर्ण मुरलं की वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास पाणी त्यात जातं, आणि रेझिन मऊ पडण्याचं तापमान काही इपॉक्सींत वीस-तीस अंशांनी खाली येतं. निम्मे नमुने भट्टीत सुकवून सिलिका जेलच्या डब्यात ठेव, निम्मे पडवीत टांग. दर आठवड्याला चार दशांशांच्या तराजूवर वजन कर. पावसाळा संपताना दोन्हींना एकाच उंचीवरून सोडलेला तोच हातोडा मार. ओला जोड आणि कोरडा जोड यांत कोण आधी सुटतो, आणि सुटतो तो चिकट थरात की लॅमिनेटच्या पहिल्या थरात? सुटलेल्या पृष्ठभागांचे दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढ. ॲल्युमिनियमच्या बाजूला तंतू चिकटून आले असतील तर लॅमिनेट फाटलंय. पृष्ठभाग चकचकीत आला असेल तर चिकटवण्याआधीची सफाई कमी पडली. तसं झालं तर तो नमुना निष्कर्षातून वगळ आणि पट्ट्या पुन्हा घासून, नव्यानं चिकटवून घे.

तुझ्याकडे जून लागण्याआधी जेवढे आठवडे असतील, त्यात सगळे नमुने एकाच रेझिनच्या डब्यातून आणि एकाच दिवशी घाल. वेगवेगळ्या दिवशी घातलेले नमुने एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत.